पाहुण्यांची वही

थोडं लांब लिहितोय. तीन वेळा लिहून पुसलं, आता टाकतोच. ज्या बाईविषयी लिहितोय तिला विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील काढलेत किंवा बदललेत. नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा आणि त्यातलं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे. कमेंटमध्ये कोणी अंदाज बांधत बसू नका, ही विनंती.

डिसेंबर २०१६. नोटाबंदीला महिना झालेला, बाजार थंड, जाहिराती त्याहून थंड. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. डेस्कवरून फोन आला, नाताळचं काहीतरी पाठव, चार कॉलम रिकामे आहेत. आमच्या शाळेच्या समोरच्या अंगाला दगडी चर्च आहे. दहावीपर्यंत रोज त्याच्या भिंतीला सायकल टेकवली, पण आत पाय ठेवला नव्हता. छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा गेलो, तोही चार कॉलमसाठी.

दारात चप्पल काढली. हाडात बसलेलं आहे आपल्या, देवाच्या दारात पायताण नको. बघतो तर सगळे चपला-बूट घालून आत. आता परत घालावी की नको या गोंधळात उभा होतो, तर एक वयस्कर बाई पुढे आल्या. पांढरी साडी, हातात पुस्तकं. "राहू द्या हो पायात. फरशी फार गार असते थंडीत." मग चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही गुरुजींचे ना? तुमच्या धाकट्या बहिणीच्या वेळेला मीच होते." मिशन हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स. अर्धं गाव त्यांच्या हातात जन्मलेलं. सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही तेच म्हणेन.

त्यांनी मला मागून तिसऱ्या बाकावर बसवलं. सगळ्यात मागे नाही, कारण मागे उशिरा येणारी पोरं बसतात आणि कुजबुजतात. पुढे नाही, कारण पुढे बसलेल्याला कधी उठायचं आणि कधी बसायचं ते कळत नाही, बघायला समोर कोणी नसतं. हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या दिवशी फक्त बसवलं. उपासना संगीताचं पुस्तक बरोबर त्या पानावर उघडून दिलं. मला वाटलं होतं इंग्रजी चालीचं काही असेल, तर पेटी आणि ढोलकीवर अभंगाच्या अंगाने जाणारं पद सुरू झालं. रेव्हरंड टिळकांचं होतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कोकणस्थ ब्राह्मणाने मराठी चर्चला मराठीत गायला लावलं, हे मला पाठ्यपुस्तकामुळे माहीत होतं. कानाने त्या दिवशी कळलं.

दानाची पिशवी फिरत आली तसा मी खिशात हात घातला. मावशी मागून हळूच म्हणाल्या, "पाहुण्यांनी टाकायचं नसतं." असा काही नियम नाहीये बरं का. तो मावशींचा नियम.

मग अवघड क्षण आला. पाळकसाहेब म्हणाले, आज आपल्यात कोणी पहिल्यांदा आले असतील तर त्यांनी कृपया उभं राहावं. शे-दीडशे माना वळल्या. मी उभा राहिलो, टाळ्या पडल्या, कान गरम झाले. पत्रकाराची सवय दुसऱ्यांना उभं करायची, स्वतः उभं राहायची नाही. बाहेर चहा घेताना मावशींनी एक लांब वही पुढे केली. पहिलं पान वापरून पिवळं पडलेलं, वर लिहिलेलं, पाहुण्यांची वही. नाव, गाव, मोबाइल, कोणाबरोबर आलात. मी सगळं लिहिलं. 'कोणाबरोबर'च्या रकान्यात 'एकटा'.

सोमवारी संध्याकाळी फोन. मला वाटलं बातमीत चूक झाली. "नाही हो, बातमी चांगली आली. घरी सगळे बरे ना? कशासाठी प्रार्थना करू?"

कोणी असं विचारलं की काय सांगायचं असतं? मी सांगून टाकलं, वडिलांचं डायलिसिस चालू आहे. गुरुवारी पुन्हा फोन. "गुरुजींचं काय म्हणतंय?" ज्या पेपरसाठी मी रात्री अकरापर्यंत धावत होतो, तिथून दोन महिन्यांत एकदाही हा प्रश्न आला नव्हता. मी काही ख्रिस्ती झालो नाही, होणारही नाही, आणि मावशींनी एकदाही तो विषय काढला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना काही जणांच्या डोक्यात तेच फिरत राहील.

फेब्रुवारीत वडील गेले. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे येतात. दुसऱ्या दिवशी मावशी आणि चर्चचे एक वडील (त्यांच्याकडे मंडळीच्या ज्येष्ठ पंचांना वडील म्हणतात) आले. अर्धा तास ओसरीत बसले. ना उपदेश, ना पत्रक. जाताना पिठलं-भाकरीचा डबा ठेवला. माझ्या आत्याने तो उचलला आणि मोरीच्या कडेला नेऊन ठेवला. मी पाहिलं. काही बोललो नाही. पोटात भूक होती तरी बोललो नाही. चौथ्या दिवशी डबा स्वतः घासला, रिकामा देऊ नये म्हणून वाटीभर साखर घातली आणि नेऊन दिला. "पिठलं छान होतं मावशी," असंही म्हणालो.

पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आमच्या सरांचा एक आवडता शब्द होता, फॉलो-अप. बातमी छापून आली म्हणजे संपली नाही, पुढे काय झालं ते विचारायला परत जा. वीस-बावीस वर्षांत मी किती बातम्यांचा फॉलो-अप केला असेल? दोन्ही हातांची बोटं पुरतील. ज्या शेतकऱ्याच्या आत्महत्येवर पहिल्या पानाची बातमी केली, त्याच्या बायकोला नंतर मदतीचा धनादेश मिळाला का, हे मला आजही माहीत नाही. मावशींना मात्र वहीतल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं ते माहीत असायचं.

त्यांच्या कामाची रीत मी नंतर नीट समजून घेतली. पहिला फोन फक्त ख्यालीखुशालीचा. 'पुढच्या रविवारी येणार ना' हा प्रश्न पहिल्या फोनवर नाही म्हणजे नाही. माणूस संकोचाने हो म्हणतो, आणि मग आला नाही की रस्त्यात तोंड चुकवतो. घरी जायचं तर बोलावल्याशिवाय नाही आणि एकटं नाही. प्रभुभोजन असेल त्या रविवारी नव्या माणसाच्या कानात आधीच सांगायचं, की हे सभासदांसाठी असतं, तुम्ही बसून राहिलात तरी कोणाला काही वाटणार नाही. नाहीतर पाहुणा बिचारा रांगेत उभा राहतो आणि पुढे जाऊन परत फिरावं लागतं.

दुसरी बाजूही लिहितो. सगळीकडे असं नाही. भाड्याच्या हॉलमध्ये चालणाऱ्या काही प्रार्थना मंडळ्यांनी नवीन माणसाचा जीव नकोसा केलेला मी पाहिलाय. एकदा नंबर दिला की न विचारता तीन ग्रुपमध्ये टाकतात, दिवसाला पाच मेसेज येतात. 'असाध्य आजारांवर प्रार्थनेने हमखास गुण' अशी पत्रकं एसटी स्टँडवर वाटतात. औषधं बंद करायला सांगितल्याची एक तक्रार मी स्वतः ऐकली आणि तशी बातमीही केली. ती बातमी करायलाच हवी होती. पण त्या आणि या चर्चमधला फरक मला माहीत होता. म्हणून पुढचं जास्त लागतं.

ऑगस्ट २०२२. एका संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तक्रार दिली की दगडी चर्चमध्ये आमिष दाखवून धर्मांतर चालतं. रविवारी उपासना संपता संपता पोलीस आले. सभ्यपणे वागले, खोटं कशाला बोलू. पाळकसाहेबांना विचारपूस केली, वही चाळली. त्या गर्दीत कोणीतरी एका पानाचा मोबाइलवर फोटो काढला. दुपारी तीनला तो माझ्याकडे आला, तोवर तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरून झालेला. खाली ओळ, 'हे बघा बाटलेल्यांची यादी'.

ती कसली वही आहे हे संपूर्ण तालुक्यात माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? माझं नाव होतं तिच्यात. तरी मी बातमी पाठवली, 'चर्चमधील वहीत नावांची नोंद, धर्मांतराचा संशय'. संशय हा शब्द फार सोयीचा. लिहिणाऱ्याला काही होत नाही. फोटोही जोडला. डेस्क म्हणाला, छोटा छापू, नावं वाचता येणार नाहीत. छापील अंकात नाहीच आली वाचता. ई-पेपरवर दोन बोटांनी मोठं केलं की अकराच्या अकरा नावं स्वच्छ.

आठवड्याभरात पोलिसांनी सांगितलं, तथ्य आढळलं नाही, गुन्हा दाखल नाही. ही बातमी मी पाठवली नाही. इतकी वर्षं मनाला सांगत आलो की जागा मिळाली नसती. खरं म्हणजे मी पाठवलीच नाही.

अकरा नावांतलं चौथं नाव त्या बाईचं. चार रविवार आली होती. शेजारीण घेऊन आली. नवरा पिणारा, सासू तोंडाची. मला ती नंतर म्हणाली, "देवबिव मला काय कळत नाही दादा. दोन तास कोणी ओरडत नाही अशी जागा होती ती." फोटो सासरी पोचला. महिन्याच्या आत मुलाला घेऊन ती माहेरी गेली. मावशी फोन करत राहिल्या. मग नंबर बंद झाला.

त्यानंतर चर्चच्या पंचांची बैठक झाली. कोणी म्हणालं, अनोळखी माणसाला आतच घेऊ नका. कोणी म्हणालं, आधार कार्ड बघून घ्या. त्यांची भीती खोटी नव्हती. ज्यांच्या लेकरांना शाळेच्या गेटवर गाठून जाब विचारतात, त्यांना आपण कशाच्या जोरावर धीर देणार? वही बंद झाली. दारात एक तरुण उभा राहू लागला. हसून जय ख्रिस्त म्हणतो, पण आधी विचारतो, कोणाच्या ओळखीने आलात? मावशी म्हणाल्या, "दारात उभी राहून मी कोणाची कागदपत्रं तपासणार नाही. त्याला दुसरा माणूस बघा." पंचांनी दुसरा माणूस बघितला. मावशी तेव्हापासून कडुनिंबाखाली पाण्याच्या माठाजवळ बसतात.

आता या वर्षाचं. फेब्रुवारीत मला अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच बाई. मुलगा बारावी सायन्सला, हुशार आहे. कुटुंब अनुसूचित जातीतलं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं, त्याचा प्रस्ताव समितीकडे गेलेला. समितीकडे निनावी अर्ज आला की आईने धर्मांतर केलंय, मुलाला सवलत देऊ नका. अर्जाला पुरावा म्हणून एक कात्रण जोडलेलं. माझ्या बातमीचं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजूनही बाहेर. म्हणजे दलित माणूस ख्रिस्ती झाला की गावाच्या नजरेतली जात तशीच राहते, फक्त सवलत जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेला जातीचं प्रमाणपत्र नाकारणं योग्य ठरवलं. त्या निकालात बाप्तिस्म्याच्या जोडीने नियमित चर्चला जाण्याचाही उल्लेख आहे. न्यायालयापुढचं ते प्रकरण वेगळं होतं, तिथे लहानपणचा बाप्तिस्मा आणि त्याचे कागद होते. पण निनावी अर्ज करणाऱ्याला एवढा फरक कशाला हवा? त्याला वही म्हणजे वही.

प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं रजिस्टर असतं. तारीख, आईबापाचं नाव, पाळकांची सही, सगळं पक्कं. आणि पाहुण्यांची वही म्हणजे लग्नात आहेर लिहून घेतात तसली. कोण आलं हे लक्षात राहावं, उद्या फोन करता यावा, एवढ्यासाठी. या दोन वह्यांतला फरक मला माहीत होता आणि मी तो वाचकांना सांगितला नाही. चार वर्षांनी एका पोराचा प्रवेश त्यावर अडकला.

मी मावशींकडे गेलो. सगळं सांगितलं, बातमी माझी होती हेही. त्यांना ते माहीत होतं. २०२२ पासून माहीत होतं आणि त्यानंतरही प्रत्येक नाताळला माझ्या घरी करंज्या आल्यात. पुढचं बोलायला मला थोडा वेळ लागला.

आम्ही दोघं पाळकसाहेबांकडे गेलो. नवीन पाळक, तरुण आहेत, कायद्याची जाण आहे. त्यांनी बाप्तिस्म्याची रजिस्टरं तपासली आणि पत्र तयार केलं. 'सदर महिला आमच्या मंडळीची सभासद नाही व तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. छायाचित्रातील वही ही केवळ अभ्यागतांच्या नोंदीची आहे.' वही मावशींच्या अक्षरातली, म्हणून त्यांचंही निवेदन लागणार होतं.

मावशींनी पत्र चष्म्याशी धरून वाचलं. मग खाली ठेवलं. "चार रविवार आली. चौथ्या रविवारी कोणी न सांगता चहाचे पेले विसळायला बसली. आणि मी लिहून देऊ, आमची नाही?"

पाळकसाहेब म्हणाले, "मावशी, सभासद नाही एवढंच लिहायचंय."

"मला कळतंय रे लेका काय लिहायचंय ते."

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. ऐंशीच्या जवळ आल्यात, हात थरथरतो, त्यामुळेही असेल.

मी माझं प्रतिज्ञापत्र सेतूत जाऊन केलं. बातमी मी दिली, वही कसली आहे हे मला तेव्हा माहीत होतं, त्यात माझंही नाव आहे, आणि पोलीस चौकशीत काही निष्पन्न झालं नाही ही बातमी मी दिली नाही. सेतूतल्या पोराने टाइप करता करता विचारलं, "सर, हे नक्की असंच लिहायचं?" म्हटलं, असंच. जुन्या पेपरलाही पत्र पाठवलंय, खुलासा छापा म्हणून. अजून छापलेला नाही. म्हणून इथे लिहितोय.

गेल्या शुक्रवारी कागद द्यायला त्या बाईच्या माहेरी गेलो. मोटरसायकलवर मागे मावशी. नका येऊ म्हटलं तर म्हणाल्या, चार वर्षांचा फॉलो-अप राहिलाय. हा शब्द त्या माझ्याकडूनच शिकल्यात. बाई दारातच उभी होती. मावशींना बघून पदर तोंडाला लावला, मग चहा टाकायला आत पळाली. मुलगा फिजिक्सचं पुस्तक हातात घेऊन अवघडून उभा. बाईने विचारलं, "मावशी, तुम्ही अजून दारात उभ्या असता का?" मावशी म्हणाल्या, "नाही गं. आता बसते. गुडघे दुखतात."

मंगळवारी समितीपुढे सुनावणी आहे. सकाळी साडेसातच्या एसटीने निघायचं, चौघं जण. मी म्हटलं, तिकडे कॅन्टीन असेल, जेवायची सोय होईल. मावशी म्हणाल्या, कॅन्टीन कशाला, मी डबा आणते, पिठलं-भाकरी.

"या वेळी खाशील ना?"

नऊ वर्षं मला वाटत होतं त्यांना काही माहीत नाही.

सुनावणीत काय झालं ते इथेच लिहीन. या वेळी नक्की लिहीन.